सराफ्यातला शेवटचा हात

इंदूरच्या सराफ्यात दिवसा सोन्याचांदीची उलाढाल चालते. रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास पेढ्यांची शटरं खाली येतात आणि त्याच ओट्यांपुढे भट्ट्या पेटतात. होळकरांचा सातमजली राजवाडा इथून हाकेच्या अंतरावर. गल्लीत रात्री माणसांची जाग राहिली तर दुकानंही सुरक्षित राहतील, म्हणून सराफांनीच खाणेवाल्यांना इथे बसू दिलं, असं जुने इंदूरकर सांगतात. मध्यरात्र उलटून गेली तरी लेकुरवाळी कुटुंबं आरामात हिंडत असतात. आजीचा हात धरलेली नात आणि जावयाला आग्रह करणारे सासरे ही इथली रोजची गर्दी.

या बाजारावर माझा जीव आहे तो एका गोष्टीसाठी. इथला पदार्थ शिजला म्हणजे झाला, असं होत नाही. तळून, वाफवून, आटवून झाल्यावरही तो थोडा अपुरा ठेवलेला असतो आणि तुम्ही समोर उभे राहिलात की दुकानदाराचा शेवटचा हात त्यावरून फिरतो. सराफ्याची चव त्या हातात आहे.

याचा उघड उत्सव म्हणजे जोशींचा दहीबडा. दह्याने भरलेला द्रोण हवेत भिरकावून झेलण्याची त्यांची रीत प्रसिद्ध आहे. मुलं टाळ्या वाजवतात आणि मोबाइल वर होतात. पण खरी कारागिरी त्यानंतरची. वेगवेगळे मसाले एकाच चिमटीत घ्यायचे आणि एकेक करून दह्यावर सोडायचे, एकमेकांत मिसळू न देता. पांढऱ्या दह्यावर तिखटाचा लाल पट्टा वेगळा, जिऱ्याचा तपकिरी वेगळा. त्यामुळे पहिला घास जिऱ्याचा लागतो, दुसरा मिरचीचा, तिसऱ्यात नुसतं गोडसर गार दही आणि मऊ बडा. सगळं आधीच कालवून ठेवलं असतं तर प्रत्येक घास सारखा लागला असता. द्रोण उडतो ती करमणूक आहे, चिमूट सुटते ती कला.

इंदूरला संसार थाटलेली माझी मावशी बरोबर असली की तिचा दंडक असतो : “प्लेट एकच घ्यायची, चमचे सगळ्यांना.” पोटात जागा राहावी हा तिचा हिशोब. मला त्यात आणखी एक लाभ दिसतो. एकाच प्लेटमधून चौघं खाताना प्रत्येकाच्या वाट्याला वेगळा कोपरा येतो. लिंबू जिथे पडलं तिथला घास आईला मिळतो, कुरकुरीत कडा मुलीला. मग एकमेकांना “इथलं खाऊन बघ” म्हणत चमचे आडवेतिडवे फिरतात. पदार्थ नीट कळतो तो या देवाणघेवाणीत. एकट्याने खाणाऱ्याला सराफा अर्धाच भेटतो, असं माझं ठाम मत आहे.

खोबऱ्याचं पॅटिस आपल्याला ओळखीचं, उपासाच्या पॅटिसच्या जवळचं : बाहेर बटाटा, आत नारळाचं सारण. माळव्यात नारळ होत नाही, तरी या शहराने त्याला आपलंसं केलं. भुट्टे का कीस मात्र अस्सल इथलं. मक्याची कणसं किसून तो कीस तुपात, मोहरी-जिरं, हिंग आणि हिरव्या मिरचीवर परततात, मग दूध घालून मंद आचेवर शिजवतात. दुधाने मक्याचा कच्चेपणा जातो आणि गोडवा वर येतो. कणसांचा बहर पावसाळ्यातला, त्यामुळे त्या दिवसांतला कीस सगळ्यांत रसाळ. वरून खोबरं, कोथिंबीर आणि लिंबाची पिळी. लिंबू पडेपर्यंत ही जवळजवळ खीरच असते, आणि त्या चार थेंबांनी ती एकदम चाटच्या घराण्यात येते.

थंडीत गेलात तर गराडू चुकवू नका. हा कंद सोलताना हाताला खाज आणतो, म्हणून हाताला तेल लावून सोलतात. तुकडे करून तळायचे आणि गिऱ्हाईक आलं की पुन्हा कडकडीत तेलात सोडायचे. बाहेर खरपूस कवच, आत पिठूळ, घट्ट गर. बटाट्याला नाही असा मातीचा एक दमदार वास त्याला आहे. पण नुसता गराडू मुका असतो. त्याला बोलतं करतो तो जीरावन. जिरं, धणे, बडीशेप, आमचूर, काळं मीठ, हिंग, सुंठ अशा जिनसांची ही माळव्याची पूड सकाळी पोह्यांवर आणि रात्री गराडूवर भुरभुरतात. गरम तुकड्यावर ती पडताच आधी हिंगाचा वास उठतो, मग जिभेवर आंबट येतं आणि बडीशेप सर्वांत शेवटी, गिळताना. गराडू थंड झाला तर हा क्रम बिघडतो. म्हणून तो गाडीपाशी उभं राहूनच खावा, फुंकर घालत.

गोडाकडे मी थोडक्यात वळतो. ताटलीभर जलेबा, म्हणजे अवाढव्य जिलबी, एका माणसाने संपवण्यासाठी नसतोच. तो तोडून वाटायचा. वर रबडी घ्यायची की नाही यावर आमच्या घरात दोन तट आहेत. मी न घेणाऱ्यांतला, कारण रबडीखाली जलेब्याच्या आंबवलेल्या पिठाचा किंचित आंबूस स्वाद बुजतो. मोमो-नूडल्सच्या गाड्याही मध्यंतरी आल्या होत्या, मुलांना त्या हव्या असत. तिथे शेवटचा हात सॉसच्या बाटलीचा असे, त्यामुळे माझी पावलं रेंगाळत नसत.

साबुदाण्याची खिचडी मी आईसाठी राखून ठेवतो. आमच्याकडची खिचडी कढईत तुपावर परतलेली. इथे उकळत्या पाण्यावर बसवलेल्या मोठ्या भांड्यात साबुदाणा वाफेवर गरम राहतो आणि मागणीप्रमाणे तेवढाच उचलून त्यात मसाले, मिरची, लिंबू, वरून शेव-मिक्श्चर मिसळतात. आईने पातेल्यात डोकावून विचारलं, “यात तूप किती घालता?” दुकानदार म्हणाला, “घी नहीं माँजी, भाप है.” आईने एक दाणा बोटांत दाबून पाहिला. आतपर्यंत मऊ, तरी सुटा. कढईचा तळ लागत नाही म्हणून चिकटपणा नाही, हे तिने लगेच ओळखलं. दाण्याच्या कुटाचा खमंगपणा मात्र तिला कमी वाटला, आणि ते खरंच होतं.

“ताई, ही उपासाची नव्हे, ही सराफ्याची,” मावशी म्हणाली आणि तिने पुढची प्लेट सांगितली : लिंबू जास्त, शेव कमी, जीरावन हात सैल सोडून.