खरखरीचा आस्वाद

गाण्याच्या बैठकीची समीक्षा होते, नाटकाची होते, दिवाळी अंकांची होते, फार काय, लग्नातल्या रुखवताचीही होते. (आमच्या खानदेशात तर रुखवताइतकी परखड समीक्षा दुसऱ्या कशाचीच होत नाही.) पण ज्या पेटीतून आमच्या पिढीनं सगळं संगीत, सगळ्या बातम्या आणि निम्मंअधिक क्रिकेट ऐकलं, त्या पेटीच्या आवाजावर कुणी चार ओळी लिहिल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. ही उणीव मी आज भरून काढणार आहे. अधिकार काय, म्हणाल, तर पंधरा वर्षं मी तो आवाज सहन केला आहे. पुष्कळ समीक्षकांजवळ एवढाही अधिकार नसतो.

आमचा रेडिओ धुळ्याच्या घरात आला तो १९६०च्या सुमाराला. धुळ्यातल्या गल्ल्यांना नावं नसतात, नंबर असतात. आमच्या नंबरात हा दुसरा रेडिओ. लाकडी पेटी, पुढं जाळीचं कापड, आत व्हॉल्व्ह. बटण फिरवल्यावर तो लगेच बोलत नसे. आधी तापायचा. अण्णा म्हणत, "खानदानी माणूस लगेच तोंड उघडत नाही." भिंतीवर तांब्याच्या जाळीची पट्टी, हा एरियल. दुसरी तार खिडकीतून अंगणात, तिथं खड्डा, खड्ड्यात मीठ आणि कोळसा, हे अर्थिंग. उन्हाळ्यात जमीन भेगाळली की आवाज बसे, आणि मग अण्णा ओरडत, "अरे, रेडिओला पाणी घाल!" प्यायच्या पाण्यासाठी नळावर रांग, आणि आम्ही बादलीभर पाणी रेडिओला घालतोय. शिवाय पोस्टात जाऊन वर्षाचे पंधरा रुपये परवान्याचे भरायचे ते वेगळेच. खरखर फुकट नव्हती, एवढंच सांगायचंय.

आता मूळ कलाकृतीकडे वळू. त्या आवाजाचा स्थायीभाव खरखर. तिच्यावर दोन अलंकार. एक शिट्टी. दोन केंद्रं एकमेकांच्या अंगावर आली की ती वाजे. दुसरी लाट. रेडिओ सिलोन लघुलहरींवरून यायचं, आणि त्या लहरी आकाशातल्या थरावर आपटून खाली येत असल्यामुळं थर हलला की आवाज चढे, उतरे. अमीन सायानींनी बिनाका गीतमालेत 'बहनों और भाइयों' म्हटलं की आमच्याकडे बहुधा बहिणीच पोचत. भाऊ लाटेत जात. शेजारचं पिठाचं दळण सुरू झालं की मोटरच्या ठिणग्यांचा ठेका मिळे, तो वेगळा.

पण या आवाजावरचा माझा गंभीर आक्षेप निराळाच आहे. त्याला 'स' येत नसे. हा विनोद नाही. मध्यम लहरींवर शेजारशेजारच्या दोन केंद्रांमधलं अंतर जेमतेम नऊ-दहा किलोहर्ट्झचं. शेजाऱ्याचा त्रास नको म्हणून रेडिओ आवाजाचा वरचा भाग कापून टाकतो, आणि 'स', 'श' यांचा जीव नेमका त्या वरच्या भागात असतो. गाण्यात हे खपून जातं. बातम्यांत खपत नाही. एका पावसाळ्यात बातम्यांत पावसाचा आकडा सांगितला, तो अण्णांनी ऐकला 'आठ मिलिमीटर'. "आठनं काय होतंय!" म्हणून सायकल काढून ते देवपुरात गेले. आकडा 'साठ' होता. पांझरेला पाणी आलं आणि अण्णांनी रात्र अलीकडे येण्याऐवजी पलीकडे, साडूच्या ओट्यावर काढली. तेव्हापासून आमच्या घरात कुठलाही आठ हा संशयित साठ समजला जाई.

मेकॅनिकला दाखवलं. त्याचं निदान वर्षानुवर्षं एकच: "कंडेन्सर गेला." मी इतके कंडेन्सर गेलेले पाहिलेत की ते जातात कुठं याचं मला कुतूहल आहे. मग पेटीच्या डाव्या अंगाला एक थाप मारायची पद्धत पडली. थाप अण्णांचीच लागे. माझ्या थापेनं तो बंद पडे.

आणि त्याच रेडिओवर एका दुपारी 'मानिनी'तलं गाणं लागलं. चित्रपट १९६१ सालचा, संगीत वसंत पवारांचं, शब्द बहिणाबाई चौधरींचे. पुण्याचे काका आले होते. काका आले की आमच्या घरातली भाषा एकदम इस्त्री केल्यासारखी होई. 'मले', 'तुले' बंद. आजी मात्र माजघरात जात असे. ती आसोद्याजवळच्या खेड्यातली; तिचं बोलणं ऐकून काकांची मुलं हसत, आणि आम्हीही त्यांच्याबरोबर हसत होतो, हे इथं लिहून टाकतो.

गाणं सुरू झालं आणि खरखरही. दोन शब्द गाण्याचे, दोन खरखरीचे. काका चिडून म्हणाले, "काही कळत नाहीये, बंद करा." तेवढ्यात आजी वाती वळता वळता माजघराच्या दारात आली. थोडं ऐकलं आणि म्हणाली, "अरे, हे त आपलंच बोलनं! कोनं शिकवलं हिले?"

आणि रेडिओ जिथं जिथं गिळत होता तिथं तिथं आजी शब्द घालायला लागली. आवाज किनरा, सूर कसाबसा, पण एकही जागा रिकामी नाही. काका विचारू लागले, "आता काय म्हणाली? याचा अर्थ काय?" आजी सांगत होती. घरात पाहुण्यांसमोर ती पहिल्यांदाच एवढं बोलली. अण्णांनी थाप मारायला हात उचलला होता, तो तसाच खाली घेतला. संध्याकाळी काकांच्या मुलीनं आजीला विचारलं, "आजी, मले शिकवशील?" आणि या खेपेला कुणी हसलं नाही.

पुढं बदलीनं आम्ही जळगावला आलो. ट्रान्झिस्टर घेतला. त्याच्या पोटात फेराइटची दांडी असते, म्हणून तो केंद्राकडे वळवून ठेवावा लागतो. धुळ्याला नेला की गंमत होई: आग्रा रोडच्या एका अंगाला मुंबई, दुसऱ्या अंगाला इंदूर, आणि त्या दांडीला तोंड आणि पाठ यांतला फरक कळत नाही. १९७६ साली जळगावलाच आकाशवाणी केंद्र झालं आणि प्रश्न उलटा झाला. केंद्र इतकं जवळ, आणि आमचा स्वस्तातला सेट इतका भोळा, की काटा कुठंही न्या, जळगावच. अण्णा कळण्याची भाकरी मोडत म्हणाले, "आता थाप कुणाला मारू?" आवाज स्वच्छ होता. 'स'च्या जागी थोडाफार 'स'ही होता. आजी तोवर राहिली नव्हती.

परवा नातीनं फोनवर 'मानिनी'तलं तेच गाणं लावलं. कानात बोंडं घालून ऐकलं. खरखर नाही, लाट नाही, शिट्टी नाही. प्रत्येक अक्षर सुटं, निवडलेल्या तांदळासारखं. आणि कडव्यात मी दचकलो. आजीनं घातलेले शब्द तिथं नव्हतेच. निराळेच होते. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. म्हणजे त्या दुपारी म्हातारीनं काकांना बेधडक स्वतःची रचना ऐकवली होती, आणि अर्थही सांगितला होता!

विद्वान लोक याला पाठभेद म्हणतात. बहिणाबाईंना स्वतःला लिहिता येत नव्हतं. त्या म्हणत गेल्या, घरच्यांनी उतरून घेतलं, आणि पुस्तक निघालं ते १९५२ साली, त्या गेल्यावर. आमच्या आजीचं उतरून घ्यायला कुणी नव्हतं. मला आठवत होत्या तेवढ्या तीन जागा मी नातीला सांगितल्या. तिनं कानातलं बोंड काढलं आणि म्हणाली, "आजोबा, परत म्हणा. नीट ऐकू आलं नाही."