अंजूरच्या शेतात पनामाचा आकडा

पावसाळा तोंडावर आला की एक आकडा हमखास समोर येतो: आठवड्याला डॉक्सिसायक्लिनची २०० मिलिग्रॅमची मात्रा घ्या, लेप्टोस्पायरोसिसपासून ९५ टक्के संरक्षण मिळतं. माझ्या पीएचडीच्या वाचनात तो इतक्यांदा आला की मीही एकदा सादरीकरणात बिनधास्त ठोकून दिला होता. आज त्याचीच झाडाझडती घेऊ. लेप्टोची थोडी उजळणी केलेली बरी. उंदीर, गुरं, कुत्री यांच्या लघवीतून हे जंतू पाण्यात नि चिखलात येतात. मग पायाच्या भेगेतून, जखमेतून किंवा डोळ्या-तोंडाच्या नाजूक त्वचेतून ते आपल्या शरीरात शिरतात. त्यानंतर साधारण आठवडा-दोन आठवड्यांत ताप येतो.

९५ टक्के हा आकडा १९८४ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेल्या ताकाफुजी आणि सहकाऱ्यांच्या पेपरातला. अमेरिकी लष्करातले ९४० स्वयंसेवक पनामाच्या जंगलात सुमारे तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला गेले होते. नुसती दिसायला गोळी मिळालेल्या गटात २० जणांना लेप्टो झाला, डॉक्सिसायक्लिन मिळालेल्या गटात फक्त एकाला. प्रयोग म्हणून काम चोख आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती पुढच्या लेखकांबद्दल. धट्टेकट्टे, बाहेरून आलेले, तीन आठवड्यांत परत जाणारे जवान आणि भिवंडीजवळच्या अंजूरला लहानपणापासून दर जुलैत लावणीला वाकणारी बाई, या दोघांना त्यांनी एकाच टक्केवारीत बसवलं.

आपल्याला जास्त जवळचा पेपर सेहगल आणि सहकाऱ्यांचा, अंदमानातला, २००० सालचा. तिथं लेप्टो आधीपासून मुरलेला. ७८२ लोकांपैकी डॉक्सिसायक्लिन घेणाऱ्यांत ३.११ टक्के आजारी पडले, न घेणाऱ्यांत ६.८२ टक्के. आजार निम्म्याच्या आसपास आला. पण रक्ततपासणीत संसर्गाचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच निघालं! म्हणजे जंतू शिरायचे ते शिरलेच, फक्त काहींच्या बाबतीत आजारपणापर्यंत गोष्ट गेली नाही. हा फरक लहान नाही, आणि ९५ टक्क्यांच्या घोषणेत तो कुठंच दिसत नाही.

आता जरा कागद-पेन्सिल घ्या. पनामात आजाराचं प्रमाण ४.२ टक्क्यांवरून ०.२ वर आलं, फरक ४. अंदमानात ६.८२ वरून ३.११, फरक ३.७. म्हणजे एक आजारी टाळायला पनामात २५ जणांनी गोळी घ्यायची, अंदमानात २७ जणांनी. एकीकडे '९५ टक्के', दुसरीकडे जेमतेम '५४ टक्के', आणि गोळ्यांचा हिशोब जवळपास तोच! (दोन्ही प्रयोगांचे कालावधी वेगळे, तेव्हा तुलना ढोबळच समजा.) कुठलाही पेपर वाचताना टक्केवारी कशाची आहे हे विचारा, असं मी सारखं म्हणते ते यासाठी. २००९च्या कॉक्रेन आढाव्यानं तर फायदा अस्पष्ट ठरवला, आणि मळमळ-उलट्या मात्र नक्की वाढतात असं नोंदवलं. पहाटे चहा-पाव खाऊन शेतावर जाणाऱ्या बाईसाठी मळमळ म्हणजे बुडालेली मजुरी. पुराच्या पाण्यातून चालत आल्यावर मुंबई महापालिका ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्यानं गोळी घ्या असं सांगते, ते वेगळं. तो एकदाचा धोका झाला. लावणीत धोका रोजचा असतो.

पण माझं खरं भांडण 'जोखीम घटक' शोधणाऱ्या अभ्यासांशी आहे, आणि त्यात माझाही अभ्यास आला. पद्धत ठरलेली. रुग्णालयातले रुग्ण घ्या, त्याच भागातले निरोगी लोक घ्या, दोघांना तेच प्रश्न विचारा आणि कुणाचं 'हो' जास्त ते मोजा. माझ्या प्रश्नावलीतही 'चिखलात उतरता का?' हा प्रश्न होता. चाचणी म्हणून अंजूरला आत्याला विचारला. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "चिखलान कोन नाय उतरत गो?"

माझ्या प्रबंधाला एवढी नेमकी टीका अजून कुणी दिलेली नाही. जेफ्री रोझ यांनी १९८५ साली हेच मांडलं होतं: सगळेच रोज वीस सिगारेटी ओढत असते, तर अशा अभ्यासांतून फुप्फुसाचा कर्करोग आनुवंशिक आहे असाच निष्कर्ष निघाला असता. जे सगळ्यांकडे आहे, ते तुलनेत दिसत नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर आलेल्या लेप्टोच्या साथीत 'पाण्यातून चाललात का?' या प्रश्नातून काय हाती लागणार? नाही म्हणणारा शोधायचा कुठून?

मग तक्त्यात उरतं काय? पायाला जखम होती, बूट घातले नव्हते. निष्कर्षात 'जनजागृती आवश्यक' हे ठरलेलं वाक्य येतं. बूट सुचवणाऱ्यांनी एकदा गमबूट घालून भाताच्या खाचरात दहा पावलं टाकून बघावीत. मी टाकलीत. तिसऱ्या पावलाला बूट चिखलात राहिला आणि पाय बाहेर आला. आत्या अजून हसते.

अंजूरच्या परिसरात शेतांवर भराव टाकून गोदामं उभी राहिलीत. पाणी आता कुठून वाहतं, किती दिवस साचतं, उंदीर कुठं पोसले जातात, यातलं काहीच एका माणसाला 'हो की नाही' विचारून कळत नाही. त्यासाठी गावाची गावाशी, खाचराची खाचराशी तुलना हवी. तसं करायचं तर गावं जास्त लागतात, आणि रक्ताचे नमुने दोनदा घ्यावे लागतात, कारण एका नमुन्यातल्या अँटिबॉडी यंदाच्या की जुन्या हे सांगणं कठीण.

मी तो प्रश्न काढून टाकलाय. त्याजागी आता आहे: यंदा किती दिवस लावणी केली, कुणाच्या शेतात, आणि तिथलं पाणी किती दिवसांनी उतरलं? मार्गदर्शकांचं म्हणणं, एवढ्यानं प्रबंध वर्षभर लांबेल. लांबेलच. पुढच्या लावणीपर्यंत गावांची यादी तयार करायचीय.