फ्रेंच मुद्राचित्रांतील ग्रामजीवन (अठरावे शतक)

खेड्यातील प्रेम, विवाह व कुटुंब यांचे आदर्शीकृत दर्शन घडविणारी फ्रेंच अम्लरेखने व उत्कीर्णने. या प्रकाराचा प्रमुख प्रवर्तक फ्रांस्वा बूशे (१७०३–७०) हा होय. त्याला शार्ल-सीमाँ फाव्हार (१७१०–९२) याच्या रंगभूमीवरील मूकनाट्यातून विषय मिळाले. त्यामुळे बूशेचे मेंढपाळ शेतातले नसून नाट्यगृहातले आहेत : रेशमी वस्त्रे, अनवाणी पण स्वच्छ पाय, फितीने सजविलेली मेंढरे. बूशेच्या चित्रांवरून ल बा, गायार इत्यादींनी उत्कीर्णने केली; दमार्तोने त्याच्या खडूरेखनांचा आभास ठशांत साधला. परिणामी दरबारी अभिरुची मध्यमवर्गीय घरांच्या भिंतींपर्यंत पोहोचली.

या चित्रांतून श्रम वगळलेला असून त्याची जागा प्रणयाने घेतली आहे. द्राक्षे हे सुगीचे पीक नसून एकमेकांस भरविण्याचे निमित्त ठरते. ‘सुखद धडा’ या चित्रात तरुण बासरी शिकवितो व तरुणी शिकते; पुढाकार पुरुषाचा, तर स्त्रीचे मौन हीच तिची संमती मानलेली आहे.

झां-बातीस्त ग्रझ (१७२५–१८०५) याने या शृंगाराच्या जागी नीतिबोध आणला. तथापि स्त्रीचे स्थान फारसे पालटले नाही. त्याच्या ‘गावची वाग्दत्त वधू’ (१७६१) या चित्रावरून फ्लीपारने १७७० मध्ये उत्कीर्णन केले. त्यात पिता हुंड्याची थैली जावयाच्या हाती देतो, लेखनिक करार नोंदवितो आणि वधू नतमस्तक उभी राहते. व्यवहार दोन पुरुषांमधील असून तो कौटुंबिक मायेच्या आवरणाखाली मांडलेला आहे. ‘फुटका घडा’ या चित्रात कौमार्यभंगाचा दोष सूचित होतो. दोषी पुरुष मात्र चौकटीबाहेरच राहतो.

वास्तव याहून वेगळे होते. १७७५ च्या धान्यदंगलींत स्त्रिया मोठ्या संख्येने सहभागी होत्या. मुद्राचित्रांच्या व्यवसायातही स्त्रिया कर्त्या होत्या : बूशेची पत्नी मारी-झान बूझो हिने पतीच्या चित्रांवरून अम्लरेखने केली, फ्रांस्वा शेरोच्या मृत्यूनंतर (१७२९) त्याचे पॅरिसमधील दुकान त्याच्या विधवेने चालविले. कष्टणारी व व्यवहार सांभाळणारी स्त्री त्याच दुकानांतून विकल्या जाणाऱ्या या ग्रामचित्रांत क्वचितच आढळते. रेषेचे लाघव व छायाप्रकाशाची तरल श्रेणी हे या मुद्राचित्रांचे निर्विवाद गुण होत. परंतु ग्रामजीवनाचा पुरावा म्हणून त्यांचे मोल मर्यादित आहे. ती खेड्याविषयी थोडे, आणि खेडे व स्त्री या दोहोंना निष्पाप व आज्ञाधारक पाहू इच्छिणाऱ्या शहरी ग्राहकाविषयी पुष्कळ सांगतात.