आगकाड्यांची मौज : एका हरपलेल्या चित्रपटाची साधनचिकित्सा

कै. धुंडिराज गोविंद फाळके यांच्या नांवावर इ. स. १९१५ सालचें ‘आगकाड्यांची मौज’ या नांवाचें एक लहानसें चित्र सर्व याद्यांत दाखल आहे. आगकाड्या सजीव झाल्याप्रमाणें पडद्यावर हालतात, अशी त्याची हकीकत. ज्यास हल्लीं ॲनिमेशन म्हणतात त्या प्रकारचें हिंदुस्थानांतील पहिलें चित्र तें हेंच, असें अलीकडील बहुतेक लेखकांनीं लिहिलें आहे. आणि फ्रान्समधील एमिल कोल याच्या १९०८ सालच्या आगकाड्यांच्या चित्रावरून तें सुचलें, असेंहि त्यास जोडून लिहिण्याचा प्रघात पडला आहे. चित्र आज उपलब्ध नाहीं. ज्याचा एक तुकडाहि हातीं नाहीं, अशा चित्राविषयीं दोन ठाम विधानें इतक्या सहजपणें रूढ व्हावींत, हें पाहून आम्हांस बखरींची आठवण होते. बखरकार मुद्दाम खोटें लिहितो असें नव्हे. पण एकानें ऐकलेलें दुसऱ्यानें उतरलें, आणि तिसऱ्यानें त्या दोघांस पुरावा मानलें, म्हणजे एका तोंडच्या गोष्टीचे तीन साक्षीदार उभे राहतात. अस्सल कागद आणि बखर यांत भेद करण्यास कै. राजवाडे यांनीं शिकविलें. तोच भेद चित्रपटांच्या इतिहासास लावून पाहण्याचा येथें हेतु आहे.

प्रथम या चित्रांची रीत काय ती सांगितली पाहिजे. कारण रीत कळल्यावांचून साधनांचें मोल ठरवितां येत नाहीं. मूकपटांच्या काळीं साधारणतः एका सेकंदास १६ छायाचित्रें पडद्यावरून जात. हालत्या माणसाचें चित्र घ्यावयाचें तर यंत्राचा दांडा फिरवीत राहिलें म्हणजे झालें. आगकाडी मात्र आपण होऊन हालत नाहीं. ती केसभर सरकवावयाची, हात बाजूस घ्यावयाचा, एक छायाचित्र घ्यावयाचें, पुनः केसभर सरकवावयाची. अशा १६ खेपा झाल्या म्हणजे एक सेकंद भरतो. सोलापूरच्या वाचकांस हें समजून घेण्यास दूर जावें लागणार नाहीं. आमच्याकडील चादरीच्या जॅकार्ड मागासाठीं नक्षी प्रथम चौकटींच्या कागदावर उतरवितात. तिच्या एकेका ओळीसाठीं पुठ्ठ्याच्या एकेका पानास भोकें पाडतात. आणि मागावर आडवा धागा जितक्या वेळां टाकावयाचा तितकीं पानें क्रमानें फिरत राहतात. पानें पाडणाऱ्या कारागिरास मोर दिसत नाहीं, मोराची एक ओळ दिसते. पूर्ण आकृति मनांत धरून तिच्या एका बारीक अंशावर दिवसभर बसावयाचें, हा स्वभाव दोन्ही धंद्यांत सारखाच लागतो. भेद इतकाच कीं, पान चुकलें तर तो दोष प्रत्येक चादरींत पुनः पुनः उतरतो. काडी चुकली तर सेकंदाच्या सोळाव्या हिश्शांत ती चूक डोळ्यांपुढून निघून जाते.

या रीतीस राजवाड्याचे देखावे, घोडे, नटसंच, पोशाख यांपैकीं कांहीं लागत नाहीं. लागतो एक माणूस, एक मेज आणि अमर्याद चिकाटी. म्हणूनच मोठ्या कारखान्यांच्या बाहेर, ज्याच्याजवळ पैसा नाहीं अशा एकट्या माणसाच्या हातून, तिचा आरंभ होणें हें आम्हांस स्वाभाविक वाटतें. फाळक्यांच्या बाबतींत तसेंच घडलें. पण तें १९१५ सालीं नव्हे, त्यापूर्वीं तीन वर्षें.

१९१२ च्या आरंभीं फाळके विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून लंडनला गेले, सेसिल हेपवर्थ याच्या कारखान्यांतील काम त्यांनीं पाहिलें, आणि विल्यम्सन बनावटीचें यंत्र खरेदी करून ते परतले. यंत्र आलें, पण चित्र काढण्यास भांडवल नव्हतें. आणि ज्यांनीं या धंद्यांत पैसा घालावयाचा त्यांस त्याचें सामर्थ्य प्रत्यक्ष दाखविल्यावांचून गत्यंतर नव्हतें. तेव्हां त्यांनीं कुंडींत वाटाणा पेरला, यंत्र त्याच्यावर रोखलें, आणि ‘अंकुराची वाढ’ हें चित्र तयार केलें. बीं फुटून वेल वर चढतो, हें सर्व पाहतां पाहतां पडद्यावर घडतें. तें पाहून यशवंतराव नाडकर्णी व नारायणराव देवहरे यांनीं कर्ज देऊं केलें, सरस्वतीबाईंचे दागिने तारण पडले, आणि त्यांतून ‘राजा हरिश्चंद्र’ उभा राहिला. तो ३ मे १९१३ रोजीं मुंबईस कॉरोनेशन थिएटरांत लोकांपुढें आला. म्हणजे हिंदी कथापटाच्या पायाखालीं एक वाटाणा आहे, असें म्हटल्यास तें विनोदापुरतें होणार नाहीं.

या वाटाण्याची कथा जेथें तेथें एकाच शब्दांत सांगितली जाते : महिनाभर, किंबहुना त्याहून थोडे अधिक दिवस, रोज एक छायाचित्र घेतलें आणि मिनिटभराहून किंचित् मोठें चित्र झालें. आतां हा हिशेब कोणीं मांडून पाहिला असता तर बरें झालें असतें. रोज एक याप्रमाणें ३० दिवसांचीं छायाचित्रें ३०. सेकंदास १६ याप्रमाणें तीं दोन सेकंदांत संपतात. उलट, एक मिनिट भरावयास ९६० छायाचित्रें पाहिजेत. ३० दिवसांत तीं घ्यावयाचीं तर दररोज ३२ पडतात. दोन्ही विधानें एकदम खरीं असणें शक्य नाहीं. एक तर चित्र दोन-तीन सेकंदांचें होतें, आणि त्यावर कोणीं सावकार कर्ज देण्यास तयार झाला असता असें वाटत नाहीं. किंवा दिवसांतून पुष्कळ वेळां, ठराविक अंतरानें, एकेक छायाचित्र घेतलेलें असलें पाहिजे. तिसरीहि एक शक्यता आहे. त्या वेळच्या हातयंत्राचा मुख्य दांडा एकदां फिरविला म्हणजे सामान्यतः आठ छायाचित्रें उतरत. रोज ठरल्या वेळीं चार फेरे दिले तर बत्तीस होतात, आणि महिन्यांत नेमकें एक मिनिट भरतें. मात्र अशा चित्रांत रोप सलग वाढतांना दिसणार नाहीं. दर दोन सेकंदांनीं तें टुणकन् एक दिवसानें मोठें होईल.

या तिहींपैकीं आमचा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे. फाळके नुसते छायाचित्रकार नव्हते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत व बडोद्याच्या कलाभवनांत ते शिकलेले. पुराणवस्तु खात्यांत त्यांनीं नोकरी केलेली. शिळाछापाचा व रंगीत छपाईचा धंदा केलेला, त्याचें तंत्र शिकण्यास १९०९ सालीं जर्मनीस गेलेले. आणि आपलें आडनांव उलटें करून ‘प्रोफेसर केळफा’ या नांवानें ते जादूचे प्रयोगहि करीत. रंगीत छपाईंत एकेका रंगाचा ठसा ज्यानें नेमक्या जागीं बसविला, त्याला दिवसांतून तीस वेळां उठून कुंडीकडे जाणें जड गेलें नसावें. तरी हें अनुमान आहे, आणि तें अनुमान म्हणूनच वाचकांनीं घ्यावें. रोज एका छायाचित्राची रूढ कथा मात्र आतां सोडून द्यावी. ती सुटसुटीत आहे. परंतु ती गणितांत उतरत नाहीं.

वाटाण्याचें रोप आपण होऊन वाढतें, त्यास माणसाचा हात लागत नाहीं. म्हणून हें ॲनिमेशन नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल. शब्दापुरता तो खरा आहे. पण यंत्राचा अखंड ओघ तोडून काळाचे तुकडे आपल्या इच्छेनें जोडावयाचे, हें मर्म दोहोंत एकच आहे. तें ज्यास १९१२ सालीं साधलें, त्यास कुंडीच्या जागीं काडीपेटी ठेवण्यास परदेशी गुरूची गरज होती काय, हा खरा प्रश्न होय.

कोलच्या ऋणाचा मुद्दा आम्ही अशासाठींच लांबवीत आहों. साधन एक म्हणून उसनवारी सिद्ध, हा तर्क किती पोंचट आहे हें इंग्लंडांतील एका वादावरून दिसतें. आर्थर मेलबर्न-कूपर याचें आगकाड्यांचें एक चित्र आज अवशिष्ट आहे. त्यांत आगकाडीचा माणूस भिंतीवर लिहून, सैनिकांस आगपेट्या पुरविण्यासाठीं लोकांस विनंति करतो. हें चित्र बोअर युद्धाच्या वेळचें, १८९९ सालचें, असा एक पक्ष. पहिल्या महायुद्धांतलें, १९१४ सालचें, असा दुसरा. चित्र डोळ्यांसमोर असूनहि पंधरा वर्षांचा फरक मिटत नाहीं. मग जें चित्र नष्ट झालें त्याच्या वंशावळीविषयीं खात्रीनें बोलणें साहसाचें होय. आगकाडी ही प्रत्येक घरांतील सर्वांत स्वस्त, सर्वांत सरळ आणि माणसाच्या आकृतीस जवळची वस्तु. डोकें तर तिला आधींच दिलेलें आहे. पॅरिस, लंडन व नाशिक येथें तीन माणसांस ती स्वतंत्रपणें सुचावी, यांत नवल नाहीं. (त्या काळीं हिंदुस्थानांत विकल्या जाणाऱ्या बहुतेक आगपेट्या जपानच्या किंवा स्वीडनच्या असत. स्वदेशीच्या अभिमानानें चित्रपटाचा उद्योग काढणाऱ्या फाळक्यांच्या मेजावरील नट बहुधा परदेशीच असावेत, ही गंमत जातां जातां नमूद करतों.)

१९१५ साल कसें होतें तेंहि पाहिलें पाहिजे. १९१४ सालीं आपलीं चित्रें घेऊन फाळके पुनः लंडनला गेले. तेथें त्यांचें कौतुक झालें, परंतु महायुद्ध पेटल्यानें सर्व बेत ढासळले. परत आल्यावर पैसा आटला. नाशकांतील बिऱ्हाड, त्यांतच कारखाना, कामाच्या माणसांचें जेवणखाण तेथेंच. अशा स्थितींत मोठा पौराणिक पट हातीं घेणें अशक्य झालें, आणि लहान लहान चित्रें निघालीं. ‘आगकाड्यांची मौज’ हें त्यांपैकीं एक. ‘लक्ष्मीचा गालिचा’, ‘विचित्र शिल्प’ हीं त्याच जातकुळीचीं. चरित्रकार यांस फावल्या वेळचे खेळ समजून दोन ओळींत आटोपतात. आम्हांस हा न्याय मान्य नाहीं. एकदां कर्ज मिळावें म्हणून, आणि एकदां कर्ज मिळत नाहीं म्हणून, हा माणूस एकेका छायाचित्राच्या रीतीकडे वळला. टंचाईनें दोन्ही वेळां त्याला त्याच मेजापाशीं आणून बसविलें. १९१८ सालीं हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन होऊन भागीदारांचें भांडवल आलें. तेव्हांपासूनच्या याद्यांत पौराणिक कथापटांचाच भरणा आहे. भांडवल आलें आणि काड्या पेटींत परत गेल्या.

त्यांच्या हातचें जें थोडें शिल्लक आहे त्यावरून कौशल्याचा अंदाज करतां येतो. ‘कालियामर्दन’ (१९१९) या चित्राच्या आरंभीं त्यांची लहान मुलगी मंदाकिनी हिची मुद्रा नाना भाव दाखविते, आणि पाहतां पाहतां त्याच मुद्रेचा कृष्ण होतो. एका चित्रांतून दुसरें उमलविण्याची ही सफाई उत्तम आहे. मुलगी व देव यांतला सांधा प्रेक्षकांपासून न लपवितां दाखविणें, हें तर त्याहून धीट. उलट पाण्याखालच्या युद्धांत युक्ति उघडी पडते. ‘राजा हरिश्चंद्र’ म्हणून जीं रिळें आज दाखविली जातात तीं १९१७ च्या दुसऱ्या आवृत्तीचीं, असें जाणत्यांचें मत आहे. तेव्हां पाठभेदाचा प्रश्न येथेंहि सुटत नाहीं.

पुढील इतिहास थोडक्यांत सांगतां येतो. १९३४ सालीं पुण्याच्या प्रभात कंपनीनें ‘जंबूकाका’ काढला. त्याच वर्षीं कलकत्त्यास न्यू थिएटर्ससाठीं गुणमय बॅनर्जी यांनीं ‘द पी ब्रदर्स’ केला, आणि योगायोग असा कीं तेथेंहि नायक वाटाणेच. मोठ्या कंपन्यांस हा नाद परवडण्यासारखा होता, पण त्यांनीं तो जोपासला नाहीं. १९५६ सालीं सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनमध्यें डिस्नेकडील क्लेअर वीक्स यांच्या देखरेखीखालीं कार्टून विभाग निघाला, आणि ‘द बनियन डिअर’ (१९५७) बाहेर पडला. गो. के. गोखले व राम मोहन हे या विभागांतले. परंतु फाळक्यांच्या मेजाचा वारसा आम्हांस दिसतो तो दुसरीकडे. मुंबईचे चित्रकार अकबर पदमसी यांनीं १९६९-७० च्या सुमारास नेहरू शिष्यवृत्तीच्या पैशांतून ‘सिझिजी’ हें केवळ रेषा व बिंदु यांचें मूकचित्र केलें; त्याचें ॲनिमेशन राम मोहन यांचें. त्यास कथा नाहीं, गाणें नाहीं, तिकिटाची आशाहि नव्हती. तें चित्र रुक्ष आहे, आणि सामान्य प्रेक्षक त्यापुढें फार वेळ बसणार नाहीं. तरीहि एका माणसाच्या विचारास एका छायाचित्रापुढें दुसरें ठेवून दृश्य रूप देण्याचा तो प्रयत्न प्रामाणिक आहे, आणि १९३४ च्या दोन्ही कंपन्यांच्या हौशीपेक्षां आम्ही त्यास अधिक मानतों.

राहतां राहिला साधनांचा प्रश्न. जुन्या फिती नायट्रेटच्या. त्या आपोआप आंबतात, चिकट होतात, शेवटीं त्यांची भुकटी होते, आणि विस्तवाजवळ तर क्षणांत पेट घेतात. १९६४ सालीं पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन होण्यापूर्वीं अर्धें शतक या फिती घराघरांतून पडून होत्या. आणि २००३ च्या जानेवारींत पुण्यांतच लागलेल्या आगींत जमविलेल्यांपैकींहि पुष्कळ जळाल्या. ‘आगकाड्यांची मौज’ पुनः सांपडेल ही आशा आम्ही बाळगीत नाहीं. पण चित्र नष्ट झालें म्हणून त्याचे कागदहि नष्ट झाले असें होत नाहीं. लहान चित्रें मोठ्या खेळास जोडून दाखवीत. ‘मोहिनी भस्मासुर’ बरोबर ‘पिठाचे पंजे’ दाखविलें गेलें तें असेंच. कॉरोनेशनच्या १९१३ च्या जाहिरातींत तर ‘राजा हरिश्चंद्रा’ बरोबर पायांनीं कसरत करणाऱ्या अलेक्झांडरचेंहि नांव छापलेलें आहे. मुंबई-पुण्याचीं वर्तमानपत्रें अभ्यासकांनीं थोडीबहुत चाळलीं आहेत. सोलापूर, बार्शी, पंढरपूर येथील जुन्या घरांतून व नाटकगृहांच्या दप्तरांतून १९१५ ते १९२० पर्यंतचीं हस्तपत्रकें असल्यास तीं पाहतांना मोठ्या अक्षरांतील खेळाच्या नांवावर थांबूं नये. त्याखालीं बारीक टाइपांत ‘शिवाय’ म्हणून जी ओळ असते ती वाचावी, आणि तींत वाटाणा, काडी किंवा गालिचा आढळल्यास पत्रकावरील तारीख व गांव उतरून घ्यावें.