लष्करचा महाराज बाडा : फरसबंदी आणि नियम

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील महाराज बाडा मराठी वाचकाला परका वाटण्याचे कारण नाही. 'वाडा' या आपल्या शब्दाचा हिंदी जिभेवर 'बाडा' झाला, एवढाच काय तो फरक. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी आपल्या फौजेचा तळ दिला. तळाची वसाहत झाली, वसाहतीचे शहर झाले, आणि 'लष्कर' हे नाव मात्र कायम राहिले. पाटणकर बाजार, फालका बाजार, चिटणीस की गोठ, ही तेथील पेठांची व वस्त्यांची नावे सरदार-मानकऱ्यांच्या मागे आलेल्या मराठी बिऱ्हाडांची आठवण आजही देतात. बाड्यालगतच्या गोरखीत शिंदे घराण्याचे देवघर आहे, आणि दसऱ्याला घराण्यातील मंडळी अद्याप तेथे पूजेस येतात.

या चौकाला गेल्या काही वर्षांत नवे रूप देण्याचा प्रयत्न झाला. केंद्र सरकारच्या स्मार्ट सिटी योजनेत ग्वाल्हेरची निवड २०१६ मध्ये झाली. ती योजना ३१ मार्च २०२५ रोजी समाप्त झाली. या काळात बाड्याभोवतालच्या जुन्या इमारतींच्या दर्शनी भागांची डागडुजी झाली, रात्रीची रोषणाई आली, फरसबंदी झाली आणि पादचाऱ्यांसाठी क्षेत्र राखण्याचे काम हाती घेण्यात आले. एखाद्या ग्रंथाचे वा नाटकाचे परीक्षण करावे, त्याच रीतीने या नगररचनेच्या कृतीचे परीक्षण करावे, असा आमचा विचार आहे. कारण ग्रंथ न आवडला तर मिटून ठेवता येतो; रस्ता मात्र आवडो वा न आवडो, रोज तुडवावा लागतो.

प्रथम गुण सांगतो. बाड्याभोवती टाऊन हॉल, व्हिक्टोरिया मार्केट, टपाल कचेरी, बँकेची इमारत, गोरखीचा दरवाजा अशा निरनिराळ्या शैलींच्या वास्तू एकाच नजरेत सामावतात. असा चौक हिंदुस्थानात फारसा आढळत नाही. या वास्तूंवरचा फलकांचा व तारांचा पसारा कमी करून त्यांचे दगडी काम पुन्हा दिसू लागले, हे चांगले झाले. २०१० मध्ये व्हिक्टोरिया मार्केटला आग लागली होती. ती वास्तू पाडून न टाकता सावरली गेली, हेही स्तुत्य होय.

पण येथेच आमच्या शंकेला प्रारंभ होतो. सावरलेल्या व्हिक्टोरिया मार्केटात आता भूविज्ञानाचे संग्रहालय आहे. संग्रहालय ही उत्तम वस्तू आहे; तथापि बाजाराची इमारत बाजार राहिली नाही, हेही खरे आहे. संग्रहालयात मनुष्य वर्षातून एकदा जातो, वही-पेन्सिलीच्या दुकानात महिन्यातून चार वेळा जातो. चौकात पावलांची वर्दळ राहते ती या चार खेपांमुळे. इमारतीचा चेहरा राखला आणि उपयोग बदलला, तर रस्त्यावरचे चालणे कळत नकळत आटते. सबब आमचे म्हणणे असे की, पायी चालण्याजोगा बाजार फरसबंदीने निर्माण होत नाही. तो लगतच्या इमारतींचा उपयोग, त्यांची रेषा आणि त्यांचे वाहनतळ ठरविणाऱ्या नियमांनी निर्माण होतो. बाड्याच्या नव्या रूपात फरशी बदलली; नियमांचा विचार मात्र मागे राहिला.

हे थोडे उकलून सांगावयास हवे. लष्करचा सराफा किंवा पाटणकर बाजार ज्या काळी बांधला गेला, त्या काळी दुकान खाली आणि बिऱ्हाड वर, ही रीत होती. इमारती रस्त्याच्या रेषेला भिडलेल्या, पुढे ओटा वा पडवी, एकीला एक लागून. चालणाऱ्यास उन्हाळ्यात सावली मिळे, पावसात आडोसा मिळे, आणि दर दहा पावलांवर पाहण्यासारखे काही तरी असे. रात्री दुकाने मिटली तरी वरच्या खिडकीत दिवा असे. म्हणून कीर्तनाहून परतणाऱ्या बायकांना त्या वाटेचे भय नसे. ही सारी रचना कोणा नगररचनाकाराने कागदावर आखली नव्हती, पण तिच्यात नियम होताच.

आजचा कायदा निराळ्या कुळातला आहे. न्यूयॉर्क शहराने १९१६ मध्ये संपूर्ण शहरासाठी भूवापराचे विभाग पाडले. १९२६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने युक्लिड गावच्या खटल्यात त्या तत्त्वावर शिक्कामोर्तब केले. राहण्याची जागा निराळी, व्यापाराची निराळी, कारखान्याची निराळी, हा विचार पुढे जगभर पसरला. धुराड्याच्या शेजारी बालकांचे घर असू नये, हा त्यातला हेतू शुद्धच होता. परंतु कारखान्यासाठी योजलेली ही विलग करण्याची दृष्टी सोनाराच्या दुकानालाही लागू झाली, आणि तेथे ती अपायकारक ठरली.

मध्य प्रदेशात नगर तथा ग्राम निवेश अधिनियम, १९७३ आणि भूमी विकास नियम, २०१२ यांच्या चौकटीत बांधकामे होतात. इमारतीचा उपयोग व क्षेत्रफळ पाहून वाहनांसाठी जागा राखावी लागते. रस्त्यापासून ठरावीक सामासिक अंतर सोडावे लागते. दाट वस्तीच्या जुन्या पेठांना अशा बाबतींत सवलती मिळू शकतात, हे आम्ही जाणतो. पण सवलत म्हणजे अपवाद, आणि अपवादाला कोणी आदर्श मानीत नाही. परिणाम असा की, जुन्या बाजारातले घर पाडून नवे व्यापारी संकुल उभे राहते, तेव्हा त्याचा तळमजला मोटारींना जातो, दुकाने मागे वा वर सरकतात, आणि जेथे पूर्वी ओटा होता तेथे उतार करून गाड्या आत-बाहेर जाऊ लागतात. तो प्रत्येक उतार पदपथ तोडतो. इंडियन रोड्स काँग्रेसने २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी असे म्हटले आहे. पण घराघरापुढे तुटलेला पदपथ कितीही रुंद असला तरी म्हाताऱ्या माणसाच्या उपयोगाचा नाही.

यावर कोणी म्हणेल की, वाहनबंदी केली म्हणजे झाले. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११५ अन्वये एखाद्या रस्त्यावर वाहनांना मनाई करता येते, आणि ती महिन्याहून अधिक टिकवावयाची तर राजपत्रात प्रसिद्ध करावी लागते. हा अधिकार उपयुक्त आहे. परंतु वकिलीच्या धंद्यात आम्ही एवढे शिकलो आहोत की, हुकूम हा अधिकाऱ्याबरोबर बदलतो आणि विकास योजनेतील तरतूद अधिकाऱ्यामागे उरते. वाहनबंदी हुकमाने करता येईल. चालणे टिकवावयाचे तर ते योजनेत व बांधकामाच्या नियमांत लिहिले गेले पाहिजे. दिल्लीच्या चांदणी चौकात लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा सुमारे १.३ किलोमीटरचा रस्ता सप्टेंबर २०२१ मध्ये नव्या रूपात खुला झाला, आणि सकाळी ९ ते रात्री ९ मोटारींना मनाई झाली. तेथेही बंदी मोडली जाण्याच्या तक्रारी होतच राहिल्या. पुणे महानगरपालिका २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन साजरा करते व त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग चालणाऱ्यांना देते. उपक्रम गोड आहे. पण वर्षातला एक दिवस म्हणजे एकादशीच्या उपवासाने आरोग्य राखण्यासारखे आहे.

मग कोणते बदल व्हावेत? आमच्या मते प्रथम, बाड्यापासून सराफा व पाटणकर बाजाराकडे जाणाऱ्या पट्ट्यात प्रत्येक इमारतीने स्वतःचा वाहनतळ राखण्याची सक्ती काढून टाकावी आणि पट्ट्याच्या कडेला सामाईक, सशुल्क वाहनतळ असावेत. अमेरिकेतील बफेलो शहराने २०१७ मध्ये अशी सक्ती रद्द केली. दुसरे, नव्या इमारतीने जुन्या रेषेलाच भिडावे, तळमजल्यावर पडवी सोडावी, आणि ती पडवी चटई क्षेत्रात धरली जाऊ नये. म्हणजे मालकाचे नुकसान न होता चालणाऱ्यास सावली मिळेल. तिसरे, वरच्या मजल्यावर राहण्याला केवळ परवानगी नव्हे, उत्तेजन असावे. बिऱ्हाडे गेली आणि वर गोदामे झाली म्हणजे बाजार रात्री ओस पडतो. चौथे, मालाची चढउतार पहाटेच्या ठरावीक वेळेत व्हावी आणि आगीच्या बंबाची वाट सदैव मोकळी राहावी. २०१० ची आग ज्या शहराने पाहिली त्याला हे निराळे सांगावयास नको. बंबाला अडविते ते माणसांचे चालणे नव्हे, उभी करून ठेवलेली गाडी.

पाचवा प्रश्न फेरीवाल्यांचा, आणि तो सर्वांत नाजूक. सोदान सिंग यांच्या खटल्यात १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यावरील व्यापार हा निर्बंधांच्या अधीन असलेला मूलभूत हक्क मानला. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रय समिती नेमून तीत विक्रेत्यांचे किमान ४० टक्के प्रतिनिधी असावेत असे ठरविले. दुसऱ्या बाजूने १४ मे २०२५ रोजी त्याच न्यायालयाने पदपथ वापरण्याचा पादचाऱ्यांचा हक्क राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदात अंतर्भूत आहे असे म्हटले. दोन्ही हक्क खरे आहेत. हातगाडी उचलून नेणे हा त्यांच्यातील तंट्याचा निकाल होत नाही, कारण गाडी आठवड्याने परत येते. जागा आखून देणे, हाच निकाल. फुलवाली, बांगडीवाला आणि भेळवाला नसलेला बाजार चालावयास मोकळा असेल, पण तेथे चालत जावे असे कोणाला वाटणार?

व्यापाऱ्यांची भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. गिऱ्हाईक गाडीने येते, गाडी थांबली तर गिऱ्हाईक थांबेल, असे त्यांना वाटते. कोपनहेगनचा स्ट्रॉएट रस्ता १९६२ मध्ये चालणाऱ्यांसाठी राखला गेला तेव्हा तेथील दुकानदारांनाही असेच वाटले होते; तो रस्ता आजही त्या शहराचा मुख्य बाजार आहे. अर्थात डेन्मार्कची हवा आणि ग्वाल्हेरचा मे महिना यांत फरक आहे. म्हणूनच आम्ही फरशीपेक्षा पडवीवर अधिक भर देतो. सावली नसेल तर बाड्यातील पादचारी क्षेत्र दुपारी तापलेल्या तव्यासारखे राहील, आणि व्यापाऱ्यांचे भय खरे ठरेल.

आमच्या वाचकांना या विषयात एक विशेष गोष्ट जाणवेल. उडुपीची वा मंगळूरची रथबीदी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ठाऊक आहे की ते रस्ते रथाच्या मापाने आणि भक्तांच्या पावलांनी घडले. इंदूरच्या होळकर दरबारासाठी पॅट्रिक गेडीस यांनी १९१८ मध्ये आपला अहवाल दिला; त्या कामाच्या काळात त्यांनी दिवाळीला मिरवणूक काढविली आणि जे रस्ते रहिवाशांनी सर्वांत स्वच्छ केले त्यांवरून ती नेली. परक्या देशातून आलेल्या त्या विद्वानाला कळले होते की, आमच्या देशात रस्त्याला मान मिळतो तो त्यावरून देव जातो म्हणून. लष्करातील अचलेश्वराची आख्यायिकाही याच जातीची आहे. रस्त्याच्या आड येणारे लिंग हलविण्यासाठी हत्ती जुंपले, तरी देव ढळला नाही, आणि रस्त्यालाच त्याच्या अंगाने जावे लागले, असे लोक सांगतात.

पण या आख्यायिकेचा आधार घेऊन आम्हांला हवे तेथे मांडव ठोकता येणार नाही. सार्वजनिक रस्त्यावर नवे अनधिकृत देवस्थान उभारू देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये बजावले आहे. उत्सवाची कमान पदपथावर महिनाभर राहते, प्रसादाची रांग चालणाऱ्याला गाड्यांच्या लोटात ढकलते, देवळासमोर भक्तांच्याच मोटारी दोन-दोन ओळींत उभ्या राहतात. यांची तक्रार आम्ही नगरपालिकेकडे कोणत्या तोंडाने करणार? देवाच्या दारी पायी जाण्याला आपल्या परंपरेत पुण्य मानले आहे. ज्या आजीबाईंना गोरखीपर्यंत किंवा दत्ताच्या देवळापर्यंत एकटीने चालत जाता येत नाही, त्यांच्यासाठी ते देऊळ सणापुरते उरते. आणि नित्याचे दर्शन सुटले की समाजाची नित्याची गाठभेटही सुटते. मराठी बिऱ्हाडे आधीच विरळ होत चाललेल्या लष्करात ही हानी लहान नाही.

विकास योजनेचा मसुदा निघतो तेव्हा १९७३ च्या अधिनियमाच्या कलम १८ प्रमाणे तो प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती व सूचना मागविल्या जातात. या वेळी सराफ येतात, जमिनीचे दलाल येतात, मोठे बांधकामवाले वकील घेऊन येतात. देवस्थानांचे विश्वस्त, भजनी मंडळे आणि रोज पायी जाणारी माणसे मात्र क्वचितच दिसतात. एका कागदावर चार ओळी लिहाव्या लागतात : पडवी असावी, उतार नसावेत, वर बिऱ्हाडे असावीत, फेरीवाल्याला आखलेली जागा असावी. पुढील मसुदा लष्करचा निघो वा आपल्या गावचा, हा कागद प्रत्येक देवस्थानाने मुदतीत पोचता करावा, आणि आपल्या दारापुढचा पदपथ त्याआधी स्वतः मोकळा करावा.