मेलेला पुन्हा उठतो, तो कशासाठी?

आपल्याकडचा प्रस्थापित समीक्षक भयपटाचे नाव काढले की नाक मुरडतो. त्याच्या लेखी तो पिटातल्या प्रेक्षकांचा माल. त्यात दुसरा, चौथा, आठवा भाग म्हणजे निव्वळ गल्ल्याचा व्यवहार. आपणही फार वेगळे वागलो नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचे नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून आले. काळ्या लेखकांच्या कविता, आत्मकथने आपण आस्थेने वाचली. पण त्याच अमेरिकेतल्या भयपटांत काळ्या माणसाच्या प्रेताचे काय होते, हे पाहायला आपण गेलो नाही. मागच्या उन्हाळी सुट्टीत माझ्या दोन विद्यार्थ्यांनी मला पाच मालिकांतले निवडक भाग दाखवले आणि क्रम लावून द्या म्हणून हट्ट धरला. मी कसोटी एकच लावली : मेलेला पुन्हा उठतो, तो कशासाठी?

पहिला क्रमांक जॉर्ज रोमेरोच्या प्रेतमालिकेचा. ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ १९६८ चा. त्या वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला, ऑक्टोबरमध्ये हा चित्रपट आला. बेन हा काळा तरुण एका घरात रात्रभर चालत्या प्रेतांशी झुंजतो, आणि घरातल्या गोऱ्यांशीही. सकाळी बंदूकधारी गोऱ्यांची टोळी येते. खिडकीतला बेन त्यांना भूत वाटतो. एकच गोळी. मग हुकांनी उचललेले त्याचे प्रेत, पेटवायचा ढीग. आणि हे सारे स्थिर, दाणेदार छायाचित्रांतून, वर्तमानपत्रात छापून आल्यासारखे. रोमेरो सांगत असे की ही भूमिका काळ्या नटासाठी लिहिली नव्हती. ड्वेन जोन्सची चाचणी उत्तम झाली म्हणून त्याला घेतले. असेलही. दिग्दर्शकाने रंग पाहिला नाही. गोळी सुटताना प्रेक्षकाला तो दिसल्याशिवाय राहिला नाही. ‘आम्ही जात पाहत नाही’ म्हणणाऱ्या आपल्या सज्जनांनी हा शेवट एकदा पाहावा.

रोमेरोचे पुढचे भाग टिकतात, कारण प्रत्येक वेळी तो प्रेतांकडे नव्याने पाहतो. १९७८ च्या ‘डॉन’मध्ये प्रेते सवयीने मॉलमध्ये फिरतात. १९८५ च्या ‘डे’मध्ये बब नावाच्या प्रेताला जुने काही आठवू लागते आणि लष्करी अधिकाऱ्यापेक्षा तेच अधिक माणूस वाटते. २००५ च्या ‘लँड’मध्ये श्रीमंत एका उंच इमारतीत राहतात. त्यांच्यासाठी प्रेतांच्या वस्तीतून माल लुटून आणणारे आकाशात आतषबाजी उडवतात, आणि प्रेते वर बघत खिळून उभी राहतात. पेट्रोल पंपावरचा एक काळा कामगार, आता प्रेतच, हळूहळू ओळखतो की वर बघायचे नाही. मग तो सगळ्यांना घेऊन नदीच्या पाण्यात उतरतो. विद्यार्थी म्हणाले, हा भाग फार ढोबळ आहे. आहे. पण वर बघायचे थांबवणारी ती प्रेते माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. नंतरचे दोन भाग, २००७ आणि २००९ चे, थकलेले वाटले.

खालच्या तीन क्रमांकांवर फार शाई खर्चत नाही. तिसरी ‘एल्म स्ट्रीट’ची मालिका. १९८४ च्या पहिल्या भागात सभ्य वस्तीतले आईबाप कायद्याच्या कचाट्यातून सुटलेल्या खुन्याला जाळतात आणि ते गुपित त्यांच्या मुलांच्या झोपेत उतरते. मूळ कल्पना जबरदस्त. पुढे आईबापांचा तो गुन्हा मागे पडला आणि फ्रेडी विनोद करू लागला. १९८७ चा तिसरा भाग आणि १९९४ चा वेस क्रेव्हनचा भाग तेवढे बरे. चौथी ‘हॅलोवीन’. १९७८ मध्ये जॉन कार्पेंटरने दुष्टपणाला कारण दिले नव्हते, १९८१ मध्ये बहीणभावाचे नाते चिकटवले, २०१८ मध्ये तेच पुसले. शेवटची ‘फ्रायडे द थर्टीन्थ’. १९८४ च्या भागाच्या नावातच ‘अखेरचा अध्याय’ होता. १९८५ मध्ये पुढचा भाग हजर. येथे मेलेला उठतो तो तिकीटखिडकीसाठी.

दुसरा क्रमांक मुद्दाम मागे ठेवला, कारण भांडण तेथे आहे. ‘कँडीमॅन’, १९९२. क्लाइव्ह बार्करची लिव्हरपुलातली कथा दिग्दर्शक बर्नार्ड रोझने शिकागोच्या कॅब्रिनी-ग्रीनमध्ये, गरीब काळ्यांच्या सरकारी इमारतींत नेली. गुलामाचा मुलगा, चित्रकार. गोऱ्या मुलीवर प्रेम केले म्हणून त्याचा हात करवतीने कापला, अंगाला मध फासून मधमाश्या सोडल्या. आपल्याकडे भुतांतही जात आहे. मुंजा आणि ब्रह्मसमंध ब्राह्मणाचेच. येथे मारलेल्याचे भूत झाले, पण ते सूड कोणावर घेते? त्याच इमारतींतल्या गरिबांवर. आणि कॅमेरा चालतो गोऱ्या संशोधक बाईच्या मागे. टोनी टॉडचा आवाज कितीही मोठा असो, हा हिशेब मला पटत नाही. १९९५ आणि १९९९ च्या भागांनी तो आणखी बिघडवला.

२०२१ मध्ये निया डाकोस्टा या काळ्या दिग्दर्शिकेने तो दुरुस्त केला. तोवर कॅब्रिनी-ग्रीनच्या उंच इमारती पाडून झाल्या होत्या. शेवटची २०११ मध्ये गेली. तिच्या चित्रपटात कँडीमॅन एक नाही, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे अनेक आहेत, प्रत्येक काळात मारला गेलेला एकेक निरपराध. १९९२ मधले तान्हे मूल आता चित्रकार झाले आहे. शेवटी पोलीस त्याला गोळ्या घालतात आणि त्याच्या प्रेयसीला गाडीत बसवून साक्ष पढवतात : त्यानेच चिथावले, असे सांग, नाहीतर तूही गुन्ह्यात भागीदार. ती म्हणते, आधी मला आरशात बघू द्या. अधिकारी गाडीतला आरसा तिच्याकडे वळवतो. ती पाच वेळा नाव घेते.