डब्याच्या भिंतीवरचे शरीरशास्त्र

या पानावर आम्ही एरवी पुस्तकांचे परीक्षण करतो. या वेळी हाती घेतलेल्या मजकुराला लेखक नाही, प्रकाशक नाही आणि किंमतही छापलेली नाही. ती मागाहून वसूल होते. तरीही मीरा रोड किंवा भाईंदरहून रोज चर्चगेटकडे जाणाऱ्या माणसाच्या नजरेखालून तो कोणत्याही विज्ञानविषयक पुस्तकापेक्षा अधिक वेळा गेलेला असतो. लोकलच्या डब्यात, दाराजवळच्या पत्र्यावर किंवा खिडकीच्या वर चिकटवलेला तळहाताएवढा कागद. गुप्तरोग, कमजोरी, निराश होऊ नका, खात्रीशीर इलाज, आणि खाली एक मोबाइल क्रमांक. गर्दीत मान वळवायलाही जागा नसते, त्यामुळे वाचायचा नाही असे ठरवूनही तो वाचला जातो.

आमच्या विद्यार्थ्यांना तो पाठ असतो. पन्नाशीच्या पुरुषांना पाठ नसला तरी, ज्याला गरज पडते तो एक दिवस क्रमांक टिपून घेतो. म्हणून या मजकुराकडे हसण्यावारी न पाहता तो एक आरोग्यविषयक लेख आहे असे समजून वाचायला हवा. लेख म्हणून तो काय सांगतो?

पहिली गोष्ट शब्दाची. 'गुप्तरोग' या एका शब्दात संसर्गाने होणारे आजार, शीघ्रपतन, झोपेत होणारे वीर्यपतन आणि लिंगाला ताठरता न येणे ही सारी एकत्र कोंबलेली असतात. यांतला एक जंतूंचा आजार, एक निव्वळ नैसर्गिक घटना, आणि एक बहुतेक वेळा रक्तवाहिन्यांचा प्रश्न. ताप, खोकला आणि वाढलेली उंची यांना एकच नाव देऊन एकच पुडी द्यावी, तसा हा प्रकार आहे.

दुसरी गोष्ट कारणाची. मजकूर 'तारुण्यातील चुकां'कडे बोट दाखवतो. हस्तमैथुनाने वा स्वप्नावस्थेने वीर्य 'वाया' गेले, म्हणून आता ताकद उरली नाही, असा त्यामागचा सिद्धान्त आहे. रक्ताच्या अनेक थेंबांतून वीर्याचा एक थेंब बनतो, ही समजूत आपल्याकडे इतकी खोल आहे की तिच्यातून येणाऱ्या भीतीला डॉ. एन. एन. विग यांनी १९६० साली 'धात सिंड्रोम' असे नाव दिले. प्रत्यक्षात वीर्य म्हणजे एका वेळी साधारण दोन ते पाच मिलिलिटर द्रव. त्याचा बहुतांश भाग वीर्याशय आणि पुरःस्थ ग्रंथी यांचा स्राव असतो. शुक्रपेशींचा वाटा फार थोडा. हे स्राव पुन्हा पुन्हा तयार होतात. तारुण्यात खर्च केलेले वीर्य पन्नाशीत कमी पडायला ती काही बँकेतली ठेव नव्हे. पण या सिद्धान्ताचा धंद्याला मोठा उपयोग आहे. रुग्ण आधी अपराधी ठरला की तो प्रश्न विचारत नाही, पावती मागत नाही आणि फसला तर तक्रारही करत नाही.

आता त्या कागदावर जे नाही ते पाहू. त्यात रक्ताचा उल्लेख नाही. ताठरता ही मुळात रक्ताभिसरणाची घटना आहे. इच्छा किंवा स्पर्श यांमुळे मज्जातंतूंमधून संदेश जातो आणि लिंगातील मज्जातंतूंची टोके व रक्तवाहिन्यांचे अस्तर नायट्रिक ऑक्साइड हा वायू सोडतात. त्यामुळे सीजीएमपी नावाचा रेणू तयार होतो, आणि तो तेथील अनैच्छिक स्नायूंना सैल करतो. स्नायू सैल झाले की स्पंजासारख्या दोन पोकळ्यांत रक्त वेगाने शिरते. सायकलची ट्यूब फुगून टायरला आतून दाबते, तशा या पोकळ्या बाहेरच्या चिवट आवरणाला दाबतात. मध्ये सापडलेल्या शिरा चेपल्या जातात आणि आत आलेले रक्त तेथेच अडून राहते. म्हणजे आकुंचनाने नव्हे तर शिथिलतेने घडणारी ही क्रिया आहे. 'ताकद' या शब्दाला येथे जागाच नाही. शरीरातील नायट्रिक ऑक्साइडच्या या दूतकार्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेत सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रा, या औषधाला मान्यता मिळाली. हृदयशूळावरचे औषध म्हणून त्याची चाचणी सुरू होती; छातीच्या दुखण्यावर फारसा गुण आला नाही, पण स्वयंसेवकांनी दुसराच परिणाम कळवला. हे औषध सीजीएमपीचा नाश करणाऱ्या विकराला रोखते. मुळात संदेशच आला नाही तर सीजीएमपी तयार होत नाही आणि गोळीला वाचवण्यासारखे काही उरत नाही. म्हणून ती इच्छा निर्माण करत नाही. नवल वाटावे इतका हा भाग अकरावी-बारावीच्या जीवशास्त्राला जोडून शिकवण्याजोगा आहे.

पण आमच्या मते या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट गोळीची नाही, धमनीच्या व्यासाची आहे. लिंगाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या एक ते दोन मिलिमीटर रुंद असतात, हृदयाच्या धमन्या तीन ते चार. धमन्यांच्या अस्तराचा आजार सर्व शरीरात एकाच वेळी चाललेला असतो. मग अडथळ्याची जाणीव आधी कोठे होणार? जी नळी अरुंद, तेथे. बऱ्याच रुग्णांत ताठरतेची तक्रार हृदयविकाराच्या लक्षणांच्या दोन ते पाच वर्षे आधी सुरू झालेली आढळते. मधुमेह, उच्च रक्तदाब, तंबाखू, वाढलेले कोलेस्टेरॉल, पोटाचा घेर ही हृदयविकाराची कारणे आपण आरोग्यदिनी फलकावर लिहितो. ताठरता जाण्याची कारणे लिहायची झाली तर फलक पुसावा लागणार नाही. मधुमेही पुरुषांत तर हा त्रास इतरांच्या सुमारे तिप्पट आढळतो, आणि कित्येकांना आपल्याला मधुमेह आहे हे या तक्रारीच्या निमित्तानेच समजते.

भिंतीवरच्या कागदाचा खरा अपराध आम्हाला येथे दिसतो. तो पैसे घेतो हे आहेच. पण शरीराने दिलेली दोन-चार वर्षांची आगाऊ सूचना तो पुड्या आणि तेलाच्या बाटल्यांत घालवतो. रक्तातली साखर तपासायची ती वेळ असते.

प्रत्येक वेळी कारण रक्तवाहिन्यांचेच असते असे नाही. नैराश्य, चिंता, पत्नीशी बिनसलेले संबंध, दारू, तसेच रक्तदाबावरची व नैराश्यावरची काही औषधे यांनीही हे होते. निरोगी पुरुषाला स्वप्नांच्या झोपेत रात्री तीन ते पाच वेळा आपोआप ताठरता येते. ती येत असेल तर नळ्या आणि तारा बऱ्याच अंशी शाबूत आहेत, असे समजायला हरकत नाही. १९८० साली काही डॉक्टरांनी यासाठी चक्क टपाल तिकिटांची पट्टी वापरली होती: रात्री गुंडाळायची, सकाळी तिकिटांमधली भोके फाटली का ते पाहायचे. इतक्या स्वस्त उपकरणाचे आम्हाला शिक्षक म्हणून कौतुक वाटते.

वयाचा वाटा किती? अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये ४० ते ७० वर्षांच्या १२९० पुरुषांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. कमी-अधिक प्रमाणात त्रास असलेले ५२ टक्के होते. ताठरता पूर्णपणे गेलेले चाळिशीत ५ टक्के, सत्तरीत १५ टक्के. म्हणजे वयाने प्रमाण वाढते, पण सत्तरीतही 'पूर्णपणे' गेलेले पुरुष थोडेच. वय झाले, आता काय करायचे, ही समजूतही त्या कागदाइतकीच तपासून पाहिली पाहिजे. इटलीतील संशोधकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात ११० लठ्ठ पुरुषांपैकी निम्म्यांना दोन वर्षे आहार आणि व्यायाम यांचे नीट मार्गदर्शन केले. त्या ५५ पैकी १७ जणांची ताठरता पूर्ववत झाली. उरलेल्या ५५ पैकी फक्त तिघांची.

कायदा काय म्हणतो, हे विद्यार्थी हमखास विचारतात. औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम १९५४ सालचा आहे. कामसुखाची क्षमता टिकवण्याच्या वा वाढवण्याच्या औषधांची जाहिरात त्याच्या तिसऱ्या कलमाने निषिद्ध ठरवली. ज्या रोगांवरील उपायांची जाहिरात करायची नाही त्यांची यादी कायद्याला जोडलेली आहे. तीत नपुंसकता, मधुमेह, रक्तदाब आणि हृदयरोग ही नावे एकाच पंगतीला बसली आहेत. यादी करणाऱ्यांच्या मनात धमन्या नसाव्यात, पण योग जुळून आला खरा. अंमलबजावणीविषयी वेगळे लिहायला नको. डब्यात नजर टाकली की पुरे.

एक धोका मात्र ठळकपणे सांगितला पाहिजे. 'निव्वळ वनस्पतीजन्य' म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा अनेक उत्पादनांत न सांगता सिल्डेनाफिल मिसळलेले असते, असे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने वारंवार दाखवून दिले आहे. छातीच्या दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने हे नकळत घेतले, तर रक्तदाब एकदम कोसळून जीवावर बेतू शकते. ज्या वयाचा पुरुष त्या क्रमांकावर फोन करतो, त्याच वयात खिशात नायट्रेटची गोळी असण्याची शक्यताही असते. येथे आयुर्वेदाला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. वाजीकरण हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक आहे, आणि त्याची चिकित्सा शास्त्र म्हणून करता येईल. भिंतीवरच्या कागदाचा त्या शास्त्राशी संबंध नावापुरताच.

या कागदाला उत्तर देणारे कोणी झालेच नाही, असे नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवले. वाचकांच्या खाजगी प्रश्नांना छापील उत्तरे दिली म्हणून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरी दंड झालाच. गणिताच्या या प्राध्यापकाचे लिखाण सिद्धतेसारखे: एकही पायरी गाळलेली नाही, पण हात धरणारेही नाही. पुढे डॉ. विठ्ठल प्रभू यांनी 'निरामय कामजीवन'मधून हाच विषय मराठी घरांत सौम्यपणे नेला. डॉ. महिंदर वत्स यांचे 'मुंबई मिरर'मधील प्रश्नोत्तरांचे सदर तर गाडीतच वाचले जाई. वयाच्या नव्वदीनंतरही ते लिहीत होते आणि २०२० च्या डिसेंबरात वारले. त्यांचा विनोद अपराधीपणाची हवा काढून टाकी, आणि हे काम साधे नव्हे. पण ते सदर इंग्रजीत होते. त्याच डब्यात उभा असलेला, इंग्रजी न वाचणारा माणूस भिंतीकडेच पाहत राहिला.

आणि शाळा? महाराष्ट्रात २००७ साली शाळांतील किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम स्थगित झाला, तेव्हाचा गदारोळ अनेकांना आठवत असेल. पण मासिकाच्या वाचकांना आमचा प्रश्न त्याहून साधा आहे. रक्ताभिसरणाचा पाठ शिकवताना हृदयाला, मेंदूला, मूत्रपिंडाला जाणाऱ्या धमन्यांची नावे आपण घेतो. पुरुष प्रजननसंस्थेच्या आकृतीत अवयवांना नावे देतो. दोन्ही पाठांना जोडणारी धमनी मात्र कोणीच काढत नाही. काढणारे शिक्षक स्वतः बहुधा चाळिशी-पन्नाशीचे असतात, आणि ही माहिती विद्यार्थ्यांआधी त्यांच्या उपयोगाची आहे.

त्या कागदाच्या मापात बसेल असा मजकूर आम्ही करून पाहिला. 'ताठरता कमी झाली आहे का? ही तारुण्यातील चूक नाही. रक्तदाब, रक्तातील साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या. तंबाखू सोडा. छातीच्या दुखण्यावर गोळी घेत असाल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. पत्नीलाही सांगा.' क्रमांकाच्या जागी जवळच्या सरकारी रुग्णालयाचे नाव येईल. भाईंदर पश्चिमेला ते भारतरत्न पंडित भीमसेन जोशी यांच्या नावाने आहे, जुनी माणसे टेंभा रुग्णालय म्हणतात. शब्द चाळीसच्या आत बसतात. मराठी, हिंदी आणि गुजराती अशा तिन्ही भाषांत मात्र छापावे लागतील, कारण भाईंदरच्या फलाटावर तिन्ही ऐकू येतात.